यॉर्कमध्ये एक उन्हाळा: बागा, पब आणि आमचे गुडघे

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला पाच-सहा महिने राहायला जाणारे आमच्यासारखे आई-बाबा आता पुष्कळ झाले आहेत. पोरं सकाळी कामावर जातात. नातवंडं शाळेत गेली की दुपारी तीनपर्यंत आपण मोकळे. चार दिवसांच्या ट्रिपवाल्यांनी लिहिलेली माहिती अशा वेळी कामाची नसते, कारण त्यांना सगळं एका दिवसात उरकायचं असतं आणि आपल्याला दिवस घालवायचा असतो. आम्ही मार्चअखेर ते सप्टेंबर यॉर्कमध्ये होतो. दोघंही पासष्टीच्या पुढचे, मी शाकाहारी, ह्यांचे गुडघे कुरकुरणारे. हा अनुभव त्या हिशेबाने वाचावा.

आधी निकाल सांगते. यॉर्कमध्ये फुकटच्या जागा तिकिटाच्या जागांपेक्षा जास्त वापरल्या जातात, आणि पब ही दारू पिण्याइतकीच बूड टेकायची जागा आहे. ही दुसरी गोष्ट कळायला आम्हाला थोडे आठवडे लागले, पण कळल्यावर राहणं बदललं.

रोजच्या वापरात पहिला नंबर म्युझियम गार्डन्सचा. नदीकाठी, गावाच्या मधोमध, प्रवेश फुकट. बागेत सेंट मेरीज या मठाचे भग्न अवशेष उभे आहेत, आणि एका कोपऱ्यात मल्टँग्युलर टॉवर नावाचा अनेक कोनांचा रोमन बुरूज. खालचे लहान, एकसारखे दगड रोमन, वरचे मोठे मध्ययुगीन; एकदा कोणी दाखवलं की पुन्हा चुकत नाही. रोमन लोकांनी हे गाव इ. स. ७१ मध्ये वसवलं आणि कॉन्स्टंटाइनला ३०६ मध्ये इथेच सम्राट म्हणून पुकारलं गेलं. हिरवळीवर पडून सँडविच खाणाऱ्या पोरांना त्याचं काही नसतं, आणि मला तेच आवडलं. आपल्याकडे एवढ्या जुन्या भिंतीला कुंपण आणि ‘हात लावू नये’ची पाटी आधी येते.

मिन्स्टर, म्हणजे इथलं कॅथेड्रल, तिकीट काढून एकदा नीट बघावंच. पूर्वेची प्रचंड काचचित्रांची खिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत पुरी केली, आणि ती खालून बघताना मान दुखते, म्हणून खुर्चीवर बसून बघावी. मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत. आमच्या वयात तो विषय सोडला. पण तिकिटाशिवायची वाट म्हणजे संध्याकाळची इव्हनसाँगची प्रार्थना. तिला कोणीही जाऊन बसू शकतं, धर्म विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, गायला लागला की आवाज वर जाऊन परत यायला वेळ लागतो. मला शब्द कळत नसत, कीर्तनाला बसावं तशी मी बसायचे. तिकिटात इमारत बघायला मिळते. ती कशासाठी बांधली हे इव्हनसाँगला कळतं.

तटबंदी सुमारे ३.४ किलोमीटर आहे आणि तीही फुकट. पूर्ण फेरीचा आग्रह धरू नका. बूथम बार ते माँक बार एवढाच तुकडा चाला (इथे ‘बार’ म्हणजे तटाची वेस, दारूचा नव्हे). एका हाताला मिन्स्टर आणि खाली लोकांना सहसा न दिसणाऱ्या मागच्या बागा, ट्रेझरर्स हाऊसची त्यांपैकी एक. फ्रँक ग्रीन नावाच्या श्रीमंत गृहस्थाने ते घर सामानसुमानासकट १९३० साली नॅशनल ट्रस्ट या जुने वाडे आणि बागा सांभाळणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. त्याच्या तळघरात १९५३ मध्ये हॅरी मार्टिंडेल या शिकाऊ प्लंबरला रोमन शिपाई चालताना दिसले म्हणे, तेही फक्त गुडघ्यापासून वर, कारण जुना रस्ता फरशीच्या खाली होता. गुडघेच नाहीत म्हणजे सुखी, असं ह्यांचं मत. एक सूचना: भिंतीच्या आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर नातवंडांना घेऊन चढू नका.

शँबल्स या गल्लीबद्दल सगळे लिहितात. जुन्या खाटीकगल्लीत घरं समोरासमोर झुकलेली आहेत, फोटो छान येतो. सकाळी नऊच्या आत जा किंवा जाऊ नका. त्यापेक्षा गुडरॅमगेटवरच्या दुकानांच्या मागे दडलेलं होली ट्रिनिटी हे छोटं चर्च बघा. आत लाकडी कप्प्यांसारखे बाक आहेत आणि जमीन इतकी उंचसखल की डबा ठेवला तर घसरेल.

तटबंदीबाहेरच्या दोन बागा रोजच्या फेरीसाठी उत्तम. राउंट्री पार्क चॉकलेटवाल्या राउंट्री कंपनीने १९२१ मध्ये शहराला दिलं, पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या कामगारांच्या स्मरणार्थ. नदीला लागूनच असल्याने हिवाळ्यात ते पाण्याखाली जातं. आम्ही उन्हाळ्यात होतो म्हणून बदकंच बघितली. दुसरी होमस्टेड पार्क, सीबोम राउंट्री यांनी उभी केलेली. चॉकलेटच्या पैशात वाढलेल्या याच माणसाने यॉर्कच्या गरिबीची घरोघर पाहणी करून १९०१ मध्ये ती छापली. बागेत त्याचा गाजावाजा नाही. बाक भरपूर, स्वच्छतागृह आहे, माळी बोलके. माझ्या लेखी यॉर्कमधली सगळ्यात वापरण्याजोगी बाग हीच.

आता तिकिटाच्या बागा. सुनेने आमच्या दोघांच्या नावाने नॅशनल ट्रस्टची वर्षाची मेंबरशिप काढली होती. महिनाभर राहणार असाल तर हिशेब बसणं कठीण, चार-सहा महिने आणि घरात गाडी असेल तर सहज बसतो. सगळ्यात जास्त वापर झाला बेनिंगब्रो हॉलचा, यॉर्कपासून आठ मैलांवर. १७१६ चा लाल विटांचा वाडा, पण आम्ही वाड्यात एकदाच गेलो. खरी मजा विटांच्या भिंतीआडच्या भाजीबागेत. भिंतीला टेकवून, हातपाय पसरून बांधलेली नासपतीची झाडं मी पहिल्यांदा तिथे पाहिली. वीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री झाडाला देते, म्हणून थंड हवेतही फळ पिकतं. आमच्या सांगलीकडे द्राक्षाला सावली कशी द्यावी याची चिंता, इथे ऊब कशी द्यावी याची. अँडी स्टर्जन यांनी आखलेली नवी भूमध्यसागरी बागही तिथे आहे, कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची. इंग्लंडमध्ये पाणी वाचवणारी बाग म्हटल्यावर मी हसले होते, पण उन्हाळ्यात बाकीच्या हिरवळी पिवळ्या पडलेल्या पाहिल्यावर हसू गेलं.

फाउंटन्स ॲबी दूर आहे, रिपनजवळ, आणि गाडीशिवाय जिकिरीचं. पण जायचंच. वर सांगितलेल्या सेंट मेरीज मठातल्या ऐशआरामाला कंटाळून तेरा भिक्षू भांडून बाहेर पडले आणि ११३२ मध्ये त्यांनी हा मठ काढला. म्हणजे म्युझियम गार्डन्समध्ये बसून ज्या भिंती बघतो, त्यांच्यावर रुसून बांधलेलं हे दुसरं घर. शेजारची स्टडली रॉयलची जलबाग जॉन एस्लेबीची. हा माणूस ब्रिटनचा अर्थमंत्री होता. १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात अडकला, संसदेतून हाकलला गेला आणि उरलेलं आयुष्य त्याने इथे तळी, कालवे आणि पुतळे मांडण्यात घालवलं. बेअब्रू झालेल्या माणसाच्या हातून एवढी शांत बाग झाली, याचं मला राहून राहून नवल वाटलं. गुडघेवाल्यांनी व्हिजिटर सेंटरच्या दाराने जाऊ नये, तिथला उतार येताना चढ होतो. तळ्याकडच्या दाराने वाट बहुतेक सपाट आहे.

कॅसल हॉवर्ड भव्य आहे, तिकीटही भव्य आहे. वॅनब्रू हा नाटककार. त्याने आधी एकही इमारत बांधलेली नसताना हा महाल आखला, आणि घुमट बघून ते खरं वाटत नाही. गुलाबांसाठी जून-जुलै, रे वुडमधल्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी त्याआधी. एकदा पुरे.

मनात राहिली ती हॅरोगेटची हार्लो कार. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची ही बाग ५८ एकरांची आहे. यॉर्कहून हॅरोगेटला ट्रेन. वाटेत नेअर्सबरोला गाडी उंच पुलावरून नदी ओलांडते, तेव्हा खिडकी सोडू नका. हॅरोगेटमध्ये उतरून व्हॅली गार्डन्स आणि पुढे पाइनच्या राईतून चालत बागेपर्यंत जाता येतं. मे-जूनमध्ये ओढ्याच्या काठाने प्रिम्युलाचे मजल्यावर मजले चढवलेले तुरे आणि त्यांच्यामध्ये निळी हिमालयन पॉपी. आयुष्य भारतात गेलं आणि हिमालयाचं हे फूल बघायला यॉर्कशायरला यावं लागलं. बागेच्या दाराशी बेटीजचं टीरूम आहे. यॉर्कच्या सेंट हेलेन्स स्क्वेअरमधल्या बेटीजसमोर रांग लांब असते. तोच फॅट रास्कल, म्हणजे सुकामेव्याचा जाडजूड स्कोन, इथेही मिळतो.

आता पब. मी पीत नाही. सुरुवातीला दारातून आत जायलाच संकोच वाटायचा. मग एका दुपारी पावसात भिजून यॉर्क टॅपमध्ये शिरलो, स्टेशनातल्या १९०७ च्या चहाच्या खोलीत झालेला पब. छताला रंगीत काचांचे घुमट, शेजारी बाळाला भरवणारी आई, पायाशी कुत्रा. मी लाइम-सोडा घेतला आणि तासभर कोणी उठवलं नाही. पुण्याच्या कितीतरी हॉटेलांत बिल आधी येतं.

नियम थोडे आहेत. वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागा आणि तिथेच पैसे द्या. रांग दिसत नाही पण असते. आपल्या आधी कोण आलं ते लक्षात ठेवावं लागतं. टिप अपेक्षित नाही. पाइंट म्हणजे ५६८ मिली, आणि ‘हाफ’ मागण्यात कमीपणा नाही, आमचे हे शेवटपर्यंत हाफवालेच राहिले. हातपंपाने ओढलेली कास्क बिअर, म्हणजे पिंपातली, थंडगार नसते, ती तशीच असते, तक्रार करू नये. शाकाहारींसाठी एक गोष्ट: पारंपरिक कास्क बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. हे कळल्यावर ह्यांनी ग्लासाकडे बराच वेळ पाहिलं. आता ‘व्हीगन आहे का’ असं विचारून घेतात, बहुतेक ठिकाणी तशी एखादी असतेच. रविवारच्या रोस्टमध्ये, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणात, माझ्यासाठी सुक्यामेव्याचा नट रोस्ट. ग्रेव्ही वेगळी विचारून घ्यायची. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं.

आवडीचे तीन सांगते. फॉसगेटवरचा ब्लू बेल: खोल्या दोनच आणि त्याही चिमुकल्या, सजावट १९०३ सालची जशीच्या तशी. मोठ्या घोळक्याने जाऊ नका. स्टोनगेटवरचा ओल्ड स्टार, ज्याची पाटी तुळईसारखी रस्त्यावर आडवी टांगलेली आहे. परवाना १६४४ पासूनचा सांगतात, मागच्या अंगणातून मिन्स्टर दिसतं. तिसरा नदीकाठचा किंग्ज आर्म्स. ऊज नदी इथे हिवाळ्यात दारातून आत येते, म्हणून बिअरचा साठा तळघरात नसून वरच्या मजल्यावर असतो, आणि आत एका फळीवर पुराच्या खुणा आहेत. नोव्हेंबर २००० ची खूण माझ्या डोक्याच्या वर जाते. पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या माणसाला त्या फळीपुढे उभं राहून बोलायला पुष्कळ असतं. पब सॅम्युअल स्मिथ या टॅडकॅस्टरच्या ब्रुअरीचा, जिच्या पबांत मोबाइल वापरायला मनाई आहे; मला तर ती सोयच वाटली.

खर्चाचं शेवटी. बसच्या एका फेरीला तीन पौंडांहून जास्त भाडं नाही, ही मर्यादा २०२५ पासून आहे. ज्येष्ठांचा मोफत पास पाहुण्यांना मिळत नाही, काउंटरवर वाद घालू नका. बागांची तिकिटं आधी ऑनलाइन बघा, आणि वॉर्टहिलची ब्रीझी नीज ही २० एकरांची बाग फक्त उन्हाळी महिन्यांत उघडी असते, तेव्हा ती शेवटावर ढकलू नका. जुलैत गेलात तरी पातळ जाकीट पिशवीत हवंच.