रोजच्या लिहिण्याला कोणती पेन्सिल? नटराज, अप्सरा, डोम्स आणि खानदेशातलं ऊन

जून उजाडला की जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत सगळीकडे पेन्सिलींच्या खोक्यांची थप्पी लागते. पालक खोक्यावर 'एक्स्ट्रा डार्क' लिहिलंय का तेवढं पाहतात आणि पैसे देतात. रोज वापरायच्या पेन्सिलीत काळेपणाचा विचार नंतर, आधी बघायच्या गोष्टी दोन. शिसं बरोबर मध्यात बसलंय का आणि ते लाकडाला पक्कं चिकटलंय का. या दोन्ही जमल्या असतील तर पाच-सात रुपयांची पेन्सिल शेवटच्या दोन इंचांपर्यंत साथ देते. नसतील तर ती वहीपेक्षा शार्पनरमध्येच जास्त संपते.

पेन्सिल कशी बनते ते कळलं की हे लगेच पटतं. लाकडाच्या पातळ फळीवर खाचा पाडतात, खाचांत गोंद आणि शिशाच्या कांड्या बसवतात, वरून तशीच खाचांची दुसरी फळी दाबतात आणि मग एकेक पेन्सिल कापून काढतात. आपल्याकडच्या पेन्सिलींना लागणाऱ्या पॉपलरच्या फळ्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून येतात. दोन फळ्यांच्या खाचा केसभर सरकल्या किंवा कापणी तिरकी गेली की शिसं एका कडेला जातं. अशा पेन्सिलीला टोक काढलं की एका बाजूला लाकूड टोकापर्यंत चढतं आणि कागद खरवडतं, दुसऱ्या बाजूला शिसं उघडं पडतं आणि पहिल्याच दाबाला तुटतं. मूल जोर देतं म्हणून टोक मोडतं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा दोष कापणीतला असतो.

हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. टोक न काढलेल्या पेन्सिलीचा उघडा शेवट डोळ्यासमोर धरा आणि ती सावकाश फिरवा. शिशाचा ठिपका एका जागी फिरला पाहिजे, डगमगला तर ती बाजूला ठेवा. त्याच शेवटाला दोन फळ्यांचा सांधा दिसतो, त्यात फट नको. मग पेन्सिल काउंटरच्या काचेवर गडगडवा. षटकोनी पेन्सिल ठक-ठक करत सरळ जाते, वाकलेली मध्येच उचलली जाते आणि खाली उजेड दिसतो. सुटी विकत घेत असाल तर एकीला तिथेच टोक काढून बघा, दुकानदार भाऊ सहसा नाही म्हणत नाहीत. सालं लांब पट्टीसारखी निघाली तर लाकूड चांगलं. चुरा पडला तर लाकूड ठिसूळ तरी आहे नाहीतर शार्पनरचं पातं बोथट.

आता खोक्यांकडे.

नटराज ६२१, लाल-काळ्या पट्ट्यांची, रोजच्या कामाला आमची पहिली पसंती हीच. एचबी म्हणजे मध्यम कडक शिसं, फार गडद नाही, म्हणून टोक बराच वेळ टिकतं. भूमितीच्या रचना, तक्ते, नकाशे, हिशेबाची वही यांना हीच बरी. खोडरबराने पुसलं की डाग राहत नाही. उणीव एकच. हलक्या हाताच्या लहान मुलांचं अक्षर हिने फिकट उमटतं, आणि मग ती दाब देऊन लिहायला लागतात.

अशा मुलांना अप्सरा प्लॅटिनम द्या. नटराज आणि अप्सरा दोन्ही हिंदुस्थान पेन्सिल्सच्याच, १९५८ साली सुरू झालेल्या कंपनीच्या. प्लॅटिनमचं शिसं मऊ आणि काळं आहे, बोटांवर जोर न देता अक्षर ठसठशीत येतं. पहिली-दुसरीच्या सुलेखनाला हिच्याइतकी सोयीची पेन्सिल या किमतीत मिळणं अवघड. मात्र मऊ शिसं लवकर झिजतं. पानभर लिहून झालं की टोक जाड होतं, पुन्हा शार्पनर हातात येतो, आणि पेन्सिल एचबीपेक्षा लवकर आखूड होते. शिसं ग्रॅफाइट आणि चिकणमाती मिसळून भाजलेलं असतं. १७९५ मध्ये फ्रान्सच्या कोंतेने ही रीत काढली आणि आजही तीच चालते. माती जास्त घातली की कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ आणि काळं. त्यामुळे 'सर्वांत काळी' आणि 'सर्वांत टिकाऊ' हे दोन्ही एकाच पेन्सिलीकडून मागता येत नाही.

डोम्सच्या पेन्सिली गुजरातच्या उंबरगावच्या. गडद शिसं, गुळगुळीत रंग आणि मुलांना आवडणारे आकार ही त्यांची जमेची बाजू. त्रिकोणी पेन्सिलीवर तीन बोटं आपोआप नीट बसतात, बाकावरून ती गडगडतही नाही, म्हणून बालवाडीच्या मुलाला ती खरोखर चांगली. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. जाड त्रिकोणी पेन्सिल साध्या शार्पनरच्या भोकात जात नाही, मोठ्या भोकाचा वेगळा शार्पनर लागतो. आणि कंपासच्या कडीत ती बसत नाही. पाचवीनंतर कंपासपेटी आली की साधी षटकोनी पेन्सिल घ्यावीच लागते.

फेबर-कॅसल ९००० किंवा स्टेडलरची निळी लुमोग्राफ यांची तुलना इथे करू नका. शिसं अप्रतिम, पण एका नगाच्या पैशात नटराजचं खोकं येतं, आणि गृहपाठाच्या वहीवर तो फरक दिसतही नाही. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी मात्र वेगळा विचार करा. वस्तुचित्राच्या छायेला मऊ, काळ्या २बी आणि ४बी लागतात, भूमितीच्या पेपरला कडक एच किंवा मध्यम एचबी. कॅमलिन किंवा अप्सराच्या शेडिंगच्या पेन्सिली त्याला पुरतात. एकच 'डार्क' पेन्सिल घेऊन दोन्ही पेपर दिले की भूमितीच्या रेषा जाड होतात आणि पट्टी सरकली की पानभर काळिमा पसरतो.

आठवडे बाजारात नावात एखादं अक्षर बदललेल्या, हुबेहूब रंगाच्या सुट्या पेन्सिली मिळतात. त्यांच्यावरचा छापा नखाने खरवडला तर निघतो, रंगाचे ओघळ दिसतात, आणि शिशात खडे लागतात. लिहिताना मध्येच करकर आवाज येऊन कागदावर ओरखडा पडतो तो त्याच खड्यांचा. रुपया-दोन रुपये वाचवायला हा माल घेऊ नये.

खानदेशात उन्हाचा वेगळा हिशेब आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत त्याहून बराच वर. लाकूड सुकून आकसतं, पेन्सिल वाकते, सांधा उकलतो आणि शिशाची पकड सुटते. मग टोक काढताना शिशाचा अख्खा तुकडा निसटून हातात येतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत उरलेली खोकी पत्र्याखालच्या फळीवर टाकू नका. कपाटात, डब्यात, आडवी ठेवा. दुकानात दारातल्या उन्हात मांडलेलं खोकं न घेता आतलं मागा. घामाच्या हाताचाही विचार हवा. मऊ शिशाचं लिखाण ओल्या तळव्याखाली लगेच फरफटतं, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या परीक्षांच्या दिवसांत एचबीच बरी. पावसाळ्यात उलट होतं. कागद ओल धरून मऊ पडतो आणि कडक टोक त्यात रुततं, तेव्हा थोडं मऊ शिसं चालतं.

शिसं आतून तुटण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र पडणं. बाकावरून फरशीवर पडलेली पेन्सिल बाहेरून धड दिसते, आत दोन-तीन ठिकाणी तडकलेली असते. शिसं आणि लाकूड चांगलं जोडलेलं असलं की हे नुकसान कमी होतं. पत्र्याच्या कंपासपेटीत पेन्सिली खुळखुळू नयेत म्हणून तळाशी कापडाची घडी घाला.

शार्पनरकडे कुणी बघत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. खोक्यात फुकट येणारा शार्पनर वाईट नसतो, पण पातं बोथट झालं की तो लाकूड कापत नाही, ओरबाडतो, आणि शिशाला पीळ बसतो. चांगला शार्पनर वेगळा विकत घ्या. पेन्सिल हलक्या दाबाने एकाच दिशेने फिरवा आणि टोक सुईसारखं होण्याआधी थांबा. टोक आत तुटलं तर टाचणीने तो कण आधी काढा. तो तसाच राहिला तर पुढची प्रत्येक पेन्सिल त्यावर घासून मोडते आणि दोष नव्या खोक्यावर जातो.

सुतारकामाला यातलं काहीच घेऊ नका. सागावर खूण करायला चपटी सुतारी पेन्सिलच लागते. तिचं रुंद शिसं खडबडीत लाकडावर मोडत नाही, उतरत्या फळीवरून ती घरंगळत नाही, आणि तिला टोक पटाशीने किंवा चाकूने काढायचं असतं.

घरात दोन मुलं असतील तर वर्षाला नटराज ६२१ ची दोन खोकी आणि धाकट्यासाठी अप्सरा प्लॅटिनमचं एक, एवढी खरेदी पुरावी. सगळी एकदम घेऊ नका. आधी एक खोकं फोडून दहाच्या दहा पेन्सिलींचे शेवट बघा. दोनपेक्षा जास्त पेन्सिलींत शिसं कडेला दिसलं तर दुकानदाराकडून दुसऱ्या लॉटचं खोकं मागून घ्या.