गेमला स्टार देण्याच्या कामात माझे १,९४,३९० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण लाजेपोटी सगळे आकडा लपवतात आणि त्याच लाजेवर या टोळ्यांचं पोट भरतं. मी एकूण २,०२,५०० रुपये पाठवले. परत आले ८,११०. बुडाले १,९४,३९०.

पद्धत तुम्हाला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर घरबसल्या कामाचा मेसेज, मग टेलिग्रामचा ग्रुप, सुरुवातीला थोडे पैसे खरंच हातात आणि मग ‘प्रीपेड टास्क’, म्हणजे आधी आपणच पैसे भरून करायचं काम. मलाही माहीत होती. हॉटेलांना रेटिंग द्या, व्हिडिओला लाइक करा, असले मेसेज मी न उघडता उडवत आलोय. हा मात्र उडवला नाही, कारण काम होतं व्हिडिओ गेमना गुण देण्याचं, आणि या विषयात मी अडाणी नाही. लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमपासून खेळतोय. नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात अकाउंट्सचं काम करून रात्री गेम खेळतो आणि त्यांच्यावर मराठीत लिहितो. त्याचा आजवर मला एक रुपया मिळालेला नाही. मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘तुमचे रिव्ह्यू आम्ही वाचले आहेत.’

वाचले असतील की नसतील, पण नेम बरोबर लागला.

‘लोभ नडला’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्यांची गोष्ट मला खरी वाटायला कारण होतं. गेमच्या गुणांमागे किती पैसा अडकलेला असतो हे मला ठाऊक होतं. २०१० साली आलेल्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ला मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, १०० पैकी ८४ गुण पडले. बोनससाठी ८५ हवे होते. एका गुणाने तो गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियनचा बोनस हुकला, आणि हे २०१२ मध्ये त्याच कंपनीतल्या क्रिस ॲव्हलोन यांनी उघड सांगितलं. २००७ मध्ये गेमस्पॉट या परीक्षणांच्या साइटवरच्या जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ला १० पैकी ६ गुण दिले, त्या गेमच्या जाहिराती त्याच साइटवर झळकत होत्या, आणि त्यांची नोकरी गेली. ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली, गुण ९०च्या घरात गेले, आणि सोनीच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर तो इतका मोडका निघाला की डिसेंबर २०२० मध्ये सोनीने आपल्या दुकानातूनच काढून टाकला. यावर मी स्वतः तावातावाने लिहिलं होतं. त्यामुळे ‘एका गुणासाठी कंपन्या कोटींचा खर्च करतात, तुम्हाला रेटिंगमागे ७० रुपये सहज देतील’ असं त्या एचआर म्हणवणाऱ्या बाईने लिहिलं, तेव्हा ते मला पटलं. माहिती नसलेल्या माणसाने कदाचित तिथेच हसून सोडून दिलं असतं.

पहिल्या तीन कामांचे २१० रुपये लगेच यूपीआयने आले. लिंक प्ले स्टोअरच्या खऱ्या होत्या, गेमही खरे. उघडायचं, स्टार द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा.

आता तो क्षण. चौथा गेम मोटारींच्या शर्यतीचा होता. मी तो नुसता उघडला नाही, खेळलो. दर शर्यतीनंतर जाहिरात, गाडी वळवली की चाकं उशिरा वळणार, तिसऱ्या लेव्हलला पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी रचना. मी दोन स्टार दिले आणि का दिले ते चार ओळींत लिहिलं. अर्ध्या मिनिटात ‘मेंटर’चा मेसेज आला: ‘सर, सिस्टम फक्त ५ स्टार ॲक्सेप्ट करते. बदला, नाहीतर टास्क फेल.’

मी बदलले. लिहिलेल्या चार ओळी पुसल्या आणि पाच स्टार दिले.

रात्ररात्र मला तेवढंच आठवतं. पैसे नंतर गेले, पण सगळं तिथेच ठरलं होतं. ज्याला माझं मत हवं होतं त्याला माझे दोन स्टार का चालले नाहीत? किती वेळ खेळलात, कोणत्या फोनवर खेळलात, हे कुणी का विचारलं नाही? खऱ्या समीक्षकाला गेम उघडायचा कोड आधी फुकट मिळतो, परीक्षण कोणत्या तारखेला छापायचं याची अट असते, पण किती गुण द्यायचे हे त्याला लिहून येत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात परीक्षणाशेजारी तुम्ही किती तास खेळलात ते दिसतं, आणि बाहेरून मिळालेल्या कोडवर खेळलेल्यांची मतं २०१६ पासून तिथे एकूण गुणांत धरत नाहीत, ती याच असल्या धंद्यामुळे. पैसे घेऊन रेटिंग देणं प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी म्हटलं, जाऊ दे, मोबाइल गेमचे पाच स्टार सगळीकडे असेच येतात, ७० रुपयांचं काम आहे. दोन महिने पगार उशिरा होत होता, मुलाच्या क्लासचा हप्ता डोक्यावर होता. माझ्या जागी असता तर तुम्हीही बदलले असते.

पाचचे पाच स्टार मागणारा माणूस दिसला की तिथेच ब्लॉक करा. पुढचं काही वाचायची गरज नाही.

पुढे त्यांनी एका वेबसाइटवर खातं उघडायला लावलं. हिरवे, पिवळे, लाल चौकोन, त्यांत गुण, प्रत्येक गेमचं पोस्टर. गुणांच्या खऱ्या साइटसारखीच दिसत होती. मी १,००० भरले, १,४०० परत आले. ५,००० भरले, ६,५०० परत आले. हे दोन्ही परतावे खऱ्या बँक खात्यात आले, म्हणून सांगतो, ‘पैसे मिळाले म्हणजे खरं आहे’ हे डोक्यातून काढून टाका. ते ७,९०० रुपये म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं.

मग १२,००० भरले. त्यानंतर ‘कॉम्बिनेशन टास्क’ निघालं: तीन गेमचा संच, तिन्हींना गुण दिल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. दुसऱ्या गेमला ३८,०००. तिसऱ्याला ८६,५००. ग्रुपमधले बाकीचे ‘मी आत्ताच भरले’, ‘मला मिळाले सर, थँक्यू’ असे स्क्रीनशॉट टाकत होते, आणि ‘तुमच्या एकट्यामुळे आमचे अडकलेत’ म्हणून मला टोचत होते. ते सगळे त्यांचेच लोक. बायको म्हणाली, “अहो, रात्रीचे हे पैसे कुणाला पाठवताय?” मी ऑफिसचं आहे म्हणून सांगितलं. घरच्यांपासून लपवावंसं वाटलं की हात थांबवा.

मग साइटवर माझा स्वतःचाच स्कोअर १०० वरून ८० झाला, ‘टास्कला उशीर’ म्हणून. एका गुणाला ३,००० प्रमाणे वीस गुणांचे ६०,००० भरले. आता स्क्रीनवर माझी शिल्लक २,९६,८४० दिसत होती. ती काढायला गेलो तर म्हणाले, गेमिंगवर ३० टक्के टीडीएस आहे, ८९,०५२ आधी जमा करा.

तिथे माझ्यातला अकाउंटंट जागा झाला. टीडीएस देणारा कापतो आणि कापून सरकारकडे भरतो. घेणाऱ्याकडून आगाऊ मागून कुणी टीडीएस भरत नाही. मी तसं लिहिलं. उत्तर आलं नाही आणि मला ग्रुपमधून काढलं. पैसे ज्या खात्यांत गेले त्यांची नावं नंतर नीट पाहिली: एक कापड दुकान, एक दूध डेअरी, एक ट्रेडर्स, एक बाई. गेम कंपनी एकही नाही. पाठवतानाच स्क्रीनवर नाव येतं, ते वाचा.

आता सरकारी अनुभव. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर रात्री फोन लावला. फोन लावताना ‘सायबर फसवणूक झाल्यास लगेच कळवा’ हे वर्षभर कानावर आदळलंय, आणि लगेच कळवायला गेलो तर लाइन व्यग्र. लागली तेव्हा प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, मागितला. तो शोधेपर्यंत फोन तुटला, पुन्हा रांग. म्हणून फोन करण्याआधी सगळे यूटीआर, तारीख, वेळ, रक्कम कागदावर लिहून ठेवा. पहिल्या तासाभरात रक्कम गोठण्याची शक्यता असते, नंतर ती पाच-सहा खात्यांतून फिरून निघून जाते.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, हे सायबरकडे. सायबरकडे गेलो तर म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात. तिथे हवालदाराने अर्ज वाचला आणि चारचौघांत मोठ्याने विचारलं, “काय ओ, या वयात गेम खेळता?” बाकावर बसलेले लोक हसले. मी चोरीची तक्रार द्यायला गेलो होतो, माझ्या छंदाचा जबाब द्यायला नाही. कुणाची सोनसाखळी गेली तर ‘या वयात सोनं घालता?’ असं विचारतात का? गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायचीच असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं, आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. मी कलमाचा कागद दाखवला. ‘आम्हाला कायदा शिकवू नका’ असं उत्तर मिळालं. नंतर शिक्का मारलेलं बँक स्टेटमेंट मागितलं, ते दिल्यावर स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट मागितल्या, त्या दिल्यावर साहेब बंदोबस्ताला गेले होते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर माझी तक्रार आजही ‘प्रक्रियेत’ आहे. कुठल्या प्रक्रियेत, ते सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बँकेत तर दोन मिनिटांत मोकळे झाले. “सर, पिन तुम्हीच टाकलाय.” रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला मिळणारं संरक्षण हे त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना होतं, स्वतः पाठवलेल्या पैशांना नाही, हे मला त्यांनी ऐकवलं. मान्य. मग कापड दुकानाच्या नावाने उघडलेल्या खात्यात रात्री-बेरात्री देशभरातून पैसे येतात आणि मिनिटभरात निघून जातात, हे त्या खात्याच्या बँकेला दिसत नाही? माझा पत्ता बदलायचा तर तीन पुरावे मागतात. त्या खात्याची केवायसी कुणी केली? ज्याने ते खातं उघडून दिलं त्याला कुणी विचारलं का? सगळे प्रश्न मलाच, कारण समोर खुर्चीत मी बसलोय आणि तो बसलेला नाही.

एवढ्या धावपळीनंतर एका खात्यात १४,२६० रुपये गोठलेले सापडले. तेही सरळ मिळाले नाहीत, न्यायालयाचा आदेश आणा असं मला सांगितलं. वकिलाने ५,००० सांगितले आहेत.

या सगळ्यात इन्स्टाग्रामवर एक ‘एथिकल हॅकर’ भेटला, ‘रिकव्हरी’चे ८,५०० आगाऊ मागत होता. तक्रार केल्यावर असे लोक हमखास येतात. एक रुपयाही देऊ नका. चॅट डिलीट करू नका, ग्रुपमधून स्वतः बाहेर पडू नका, आधी सगळं एक्स्पोर्ट करा. मला काढल्यामुळे माझे अर्धे पुरावे गेले. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका, आणि नोंदवून घेतच नसतील तर अर्ज पोलीस आयुक्तांना किंवा अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. मी तो आता पाठवलाय.

ती साइट बंद झाली. त्याच चौकोनांची, त्याच पोस्टरांची दुसरी साइट वेगळ्या नावाने सुरू आहे, आणि माझ्या भाच्याला परवा तोच मेसेज आला: ‘तुमचे रिव्ह्यू आम्ही वाचले आहेत.’ त्याने आयुष्यात एकही रिव्ह्यू लिहिलेला नाही.