फिनिश सौना की स्टीम बाथ?

सौनात हवा ८० ते १०० अंश सेल्सिअस, पण कोरडी. घाम उडून जातो म्हणून अंग ती सोसतं. स्टीम बाथमध्ये जेमतेम ४५ अंश, तरी जीव घुसमटतो, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही. चोंदलेलं नाक मात्र वाफेने मोकळं झाल्यासारखं वाटतं.

हृदयाच्या बाबतीत माझं मत सौनाला. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ पुरुषांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी दिसले. (धडधाकट माणसंच जास्त वेळा जात असतील, हीही शक्यता आहेच!)

दारू पिऊन दोन्हीकडे जाऊ नये. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उतरलेलं वजन म्हणजे निव्वळ पाणी.