सेसना १७२ मध्ये जेपीआय ईडीएम-८३०: इंजिन अडखळायला लागल्यावर हा मॉनिटर किती कामाचा?

निकाल आधीच सांगून टाकतो. हवेत इंजिन थरथरायला, अडखळायला लागलं तर चार सिलिंडरच्या सेसनामध्ये ईडीएम-८३०, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं तापमान पडद्यावर दाखवणारा जेपीआय कंपनीचा इंजिन मॉनिटर, यासारखा दुसरा मदतनीस नाही. पण इंजिन पूर्ण बंद पडलं तर त्याच्याकडे बघण्यात एक सेकंदही घालवू नका.

१७२एस या मॉडेलचं कमाल वजन २५५० पौंड. त्या वजनाला बेस्ट ग्लाइडचा, म्हणजे इंजिनशिवाय जास्तीत जास्त दूर तरंगत जाण्याचा वेग ६८ नॉट. या वेगाने विमान १००० फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल जातं. म्हणजे जमिनीपासून ३००० फुटांवर इंजिन गेलं, तर हाताशी साडेचार मैल आणि जेमतेम चार मिनिटं उरतात. तेवढ्यात नाक सावरून वेग ६८ वर आणायचा, शेत निवडायचं, मग हात फिरवायचा: फ्युएल शटऑफ (इंधन तोडणारा नॉब) पूर्ण आत, सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्या), ऑक्झिलरी (जादाचा) इंधन पंप चालू, मिक्स्चर रिच (मिश्रणात इंधन जास्त), मॅग्नेटो (ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणा) बोथवर. पंखा थांबलेला असेल तर स्टार्ट. यातल्या एकाही कामाला एखाद्या सिलिंडरचं तापमान लागत नाही.

मग या यंत्राचा उपयोग कुठे? अर्धवट गेलेल्या ताकदीत. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० ते २०१० या काळातली एकइंजिनी विमानांची आकडेवारी मांडली होती. टेकऑफनंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना आणि त्यात ९ जीवघेणे अपघात, तर इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ८३ घटना आणि त्यात एकही जीवघेणा अपघात नाही. कारण उघड आहे. पूर्ण बंद इंजिन निर्णय सोपा करतं, अर्धवट चालणारं इंजिन मोहात पाडतं. ‘चालतंय ना, धावपट्टीपर्यंत पोहोचू’ असं वाटतं, वैमानिक नाक वर धरून वळतो आणि वेग संपतो. टेकऑफनंतर खाली असताना हाच नियम ८३० लाही लागू: वेग आणि समोरची जमीन बघा, पडदा नंतर.

क्रूझमध्ये, म्हणजे वर गेल्यावर सरळ उडताना, उंची हाताशी असते. तिथे मॉनिटर कमाल करतो. सिलिंडरनिहाय ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान, आणि सीएचटी, म्हणजे सिलिंडर हेडचं तापमान, दोन्ही समोर दिसतात. नेहमीच्या क्रूझमध्ये नॉर्मलाइज व्ह्यू लावून ठेवा, म्हणजे पडद्यावरचे सिलिंडरांचे सगळे स्तंभ एका पातळीत येतात आणि कोण वर सरकला, कोण खाली गेला ते एका नजरेत कळतं. इंजिन अडखळायला लागल्यानंतर नॉर्मलाइज करू नका, तेव्हा बिघडलेली स्थितीच ‘नॉर्मल’ म्हणून बसते.

समजा तिसऱ्या सिलिंडरचा ईजीटी पन्नास-साठ अंश फॅरनहाइटने वर गेला, सीएचटी किंचित उतरला आणि इंजिन थोडं रफ झालं. हे त्या सिलिंडरच्या दोनपैकी एक स्पार्क प्लग बिघडल्याचं लक्षण. मॅग्नेटोची किल्ली बोथवरून एल किंवा आर वर (फक्त डावा किंवा फक्त उजवा) न्या. ऑफपर्यंत फिरवू नका, नाहीतर न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साठतं आणि किल्ली परत आणल्यावर बार होतो. एका मॅगवर चारही ईजीटी ५० ते १०० अंश वाढले तर ते ठीक आहे. पण एका मॅगवर इंजिन धडधडलं आणि तिसरा स्तंभ एकटाच कोसळला, तर तो प्लग गेला हे पक्कं. शिशाचा किंवा तेलाचा मळ असेल तर क्रूझच्या शिफारशीप्रमाणे मिक्स्चर लीन (इंधन कमी) करून काही मिनिटं द्या, फरक पडला नाही तर रिच करून बघा. तरीही रफ असेल तर जवळचं विमानतळ गाठा. मॉनिटर नसता तर आठ प्लगांपैकी कोणता, हे जमिनीवर एकेक काढून बघावं लागलं असतं.

याच्या उलट चित्र जास्त धोक्याचं: एका सिलिंडरचा सीएचटी झपाट्याने चढतोय आणि त्याचाच ईजीटी उतरतोय. हे प्रीइग्निशन किंवा डेटोनेशन, म्हणजे मिश्रण वेळेआधी पेटणं किंवा स्फोटासारखं जळणं, असू शकतं. थ्रॉटल कमी, मिक्स्चर रिच, लगेच. आणि एका सिलिंडरचा ईजीटी साधारण मिनिटाला एकदा ३० ते ७० अंश वरखाली डुलत असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला लागल्याची ती खूण. त्यासाठी घाई नको, पण पुढच्या उड्डाणाआधी बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत बघणारा छोटा कॅमेरा) हवाच.

फ्युएल फ्लोचा, म्हणजे इंजिनला तासाला किती इंधन जातंय त्याचा आकडा १७२एस मध्ये सगळ्यात मोलाचा. इंजिनचा पंप निकामी होताना ताकद जाण्याच्या आधी फ्लो घसरतो. तो घसरताना दिसला की ऑक्झिलरी पंप चालू करा, बाकी विचार मागाहून. जुन्या, कार्ब्युरेटरच्या १७२ वर वेगळा शत्रू आहे. पावसाळी दमट हवेत, २५ अंश सेल्सिअस तापमानातही, कमी ताकदीवर उतरताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. अशा वेळी एकच सिलिंडर वेगळा पडत नाही, चारही सोबत बिघडतात. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा. बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन आणखी वाईट चालतं. त्या क्षणी घाबरून नॉब परत आत ढकलू नका.

आता तक्रारी. सीएचटीची कारखान्यातून येणारी अलार्म मर्यादा ४५० अंश फॅरनहाइट आहे. ती फारच उशिरा ओरडते. इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतः वेगवान क्रूझसाठी ४३५ च्या खाली आणि बचतीच्या क्रूझसाठी ४०० च्या खाली राहायला सांगते. अलार्म ४०० ते ४२० च्या दरम्यान आणून ठेवा. दुसरं, मिनिटाला ६० अंशांपेक्षा वेगाने थंड झाल्याचा अलार्म. ट्रेनिंगच्या विमानात फोर्स्ड लँडिंगच्या सरावाला थ्रॉटल ओढला की तो हमखास चमकतो. विद्यार्थी न वाचताच बटण दाबून मोकळा होतो आणि तीच सवय खऱ्या अलार्मलाही लागते. बारामती, गोंदियासारख्या वैमानिक प्रशिक्षणाच्या ठिकाणी दिवसभर सर्किट (उडून, वळून परत उतरण्याचे फेरे) मारणाऱ्या विमानांत ही मर्यादा सैल करावी, नाहीतर बंदच ठेवावी. एकक फॅरनहाइटच निवडा, कारण विमानाच्या हँडबुकातल्या मर्यादा त्यातच आहेत.

बसवण्यात होणाऱ्या चुका यंत्राच्या दोषांपेक्षा जास्त त्रास देतात. ईजीटीचे प्रोब (तापमान मोजणाऱ्या सळ्या) एक्झॉस्टच्या फ्लँजपासून, म्हणजे पाइप सिलिंडरला जोडला जातो तिथपासून, दोन ते चार इंचांवर, पण चारही एकाच अंतरावर हवेत. नाहीतर फरक इंजिनचा की प्रोबचा ते कळत नाही. हे प्रोब के-टाइप थर्मोकपल असतात, त्यांना त्याच धातूची वायर लागते, साधी तांब्याची जोडली की आकडे खोटे. अमेरिकी पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण, हे साध्या विजेच्या कामाच्या सवयीला उलट असल्यामुळे इथे चूक नेमकी होते. मूळ सीएचटी गेजने एका सिलिंडरची खाच अडवलेली असेल, तर तिथे स्पार्क प्लगखाली वॉशरचा प्रोब बसतो आणि तो बाकी तिघांपेक्षा बराच वेगळा आकडा दाखवतो. ते वैमानिकाला माहीत असलंच पाहिजे. लायकमिंगमध्ये १ आणि ३ उजवीकडे, २ आणि ४ डावीकडे, हेही पॅनेलवर लिहून ठेवा. आणि एकच स्तंभ उड्या मारतोय किंवा गायब झालाय, पण इंजिन गुळगुळीत चालतंय, तर आधी संशय प्रोबवर घ्या.

८३० ला मूळ गेज काढून टाकण्याची परवानगी नाही, त्यासाठी ९०० आणि त्यावरची मॉडेल्स आहेत. ऑइल प्रेशर जोडणं ऐच्छिक असतं, ते जोडून घ्याच. प्रेशर गेलं आणि ऑइलचं तापमान चढायला लागलं, तर इंजिन बंद पडणार हे धरून ताकद कमी करा आणि शेत शोधा. प्रेशर कमी पण तापमान नेहमीचं असेल तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडलेला असू शकतो, तरीही जवळच्याच विमानतळावर उतरा.

आधीच जुनं ईडीएम-७०० असेल, तर प्रोब तेच ठेवून ७३० वर जाणं स्वस्त पडतं. नवं घेत असाल तर ८३०, कारण त्यात आरपीएम आणि फ्युएल फ्लो येतात आणि नोंदी यूएसबीवर काढता येतात. नोंद मुळात दर सहा सेकंदांनी होते. प्रत्येक पन्नास तासांच्या तपासणीला ती फाइल जेपीआयच्या ईझेडट्रेंड्स सॉफ्टवेअरमध्ये उघडून इंजिनिअरच्या हातात द्या. व्हॉल्व्हचं डुलणं कॉकपिटमध्ये सहसा निसटतं, आलेखावर ते लगेच दिसतं.