लापुआचं पितळ आणि लहान प्राइमर: अकरा महिने, सतराशे काडतुसं

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस मी घरीच परत भरतो: नवा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी वाटी, नवी दारू, नवी गोळी. लापुआ ही अशा केस बनवणारी फिनलंडची कंपनी. आधी हिशेब सांगतो. रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची, बोल्ट अ‍ॅक्शन, नळी सुरुवातीला नवी कोरी. मिनेसोटात राहतो. मागच्या मार्चपासून दर रविवारी रेंजवर जातो आणि महिन्यातून एकदा क्लबाच्या स्पर्धेत ६०० यार्डांपर्यंत मारतो. लापुआच्या १०० केस अकरा वेळा भरून झाल्या. एका अमेरिकन कंपनीच्या स्वस्तातल्या १०० केस सहा वेळा भरल्या आणि मग भंगारात टाकल्या. एकूण सतराशे फैरी झाल्या. बंदुकीची दारू सगळीकडे एच४३५० जातीची, गोळी १४० ग्रेन वजनाची. दारू किती घालतो ते मुद्दाम लिहीत नाही. ते ज्यानं त्यानं आपल्या भरणी-पुस्तकातून, खालच्या आकड्यापासून सुरुवात करून ठरवायचं असतं. माझा आकडा तुमच्या रायफलीत घातक ठरू शकतो.

पुण्यातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा उद्योग तिकडे घरी करायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. इथेही मी ग्रीनकार्ड हातात येईपर्यंत या वाटेला गेलो नव्हतो, कारण एच-१बीवर असताना बंदूकच नव्हे, काडतूस बाळगण्यावरही संघीय कायद्याची बंधनं आहेत. ऑफिसातल्या मित्राबरोबर सहज रेंजवर जाण्याआधीही हे नीट वाचून घ्या.

आता पितळ. केस हा शब्द आईला फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, "कसले केस गोळा करतोस रे गॅरेजमध्ये?" तर ती काडतुसाची पितळी नळकांडी. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. मराठीत हिचे अवयव फार छान सांगता येतात: तोंड, मान, खांदा, पोट, बूड. गोळी मानेत बसते, प्राइमर बुडात. फैर झाली की केस फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीला, चिकटते, परत आकसते, मग आपण डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिला मापात आणतो. हे दर खेपेला. कसब्यातल्या तांबट आळीत ठोके ऐकत जो मोठा झाला त्याला पुढचं समजावायला नको. धातू ठोकत गेलं की कडक होतो, मग तो भट्टीत तापवून मऊ करावा लागतो, नाहीतर चिरतो. केसच्या मानेचंही तेच. दर तिसऱ्या भरणीला मी मान आणि खांदा गॅसच्या ज्योतीवर काही सेकंद फिरवतो. बूड मात्र थंडच राहिलं पाहिजे. बूड मऊ झालेली केस ६२,००० पीएसआयच्या दाबापुढे टिकत नाही, आणि तो दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. लापुआच्या नव्या केसवर मानेपाशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो या तापवण्याचाच. बायकोला वाटलं जुना माल खपवला. बहुतेक कंपन्या हा डाग घासून काढतात, हे लोक ठेवतात, एवढंच.

स्वस्त केस पहिल्या तीन भरण्या गुणी पोरासारख्या वागल्या. गोळ्यांचे गट लापुआइतकेच, कधी कधी बरेही. तेव्हा मी मित्रांना सांगत सुटलो होतो की महाग पितळ म्हणजे नुसता मोठेपणा. चौथ्या भरणीला प्राइमर बसवताना हाताला वेगळं लागलं. आधी ठसठशीत विरोध असायचा, आता काही केस लोण्यात बोट जावं तशा. पाचव्याला तीन प्राइमरांभोवती काळी कडी दिसली, म्हणजे वायू बाजूनं निसटतोय. सहाव्या फैरीनंतर मापाचं गेज घातलं तर १०० पैकी ३८ केसांचं पॉकेट, म्हणजे प्राइमर बसतो तो बुडातला खळगा, सैल. उरलेल्या ६२ ठेवण्यात अर्थ नव्हता. सगळ्या केसांची तोंडं पक्कडीनं चेपून भंगारात टाकल्या, म्हणजे चुकून परत भरल्या जाऊ नयेत.

लापुआचं पॉकेट अकराव्या फैरीनंतरही घट्ट आहे. पण इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ही तुलना सरळ नाही. माझ्या लापुआच्या केस लहान प्राइमरच्या आहेत, स्वस्तातल्या मोठ्या प्राइमरच्या होत्या. लहान प्राइमर ०.१७५ इंचाचा, मोठा ०.२१० चा. पॉकेट लहान म्हणजे त्याच्याभोवती पितळ जास्त उरतं आणि बूड पसरायला वेळ लागतो. किती श्रेय फिनलंडच्या कारखान्याला द्यायचं आणि किती या भूमितीला, ते माझ्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. स्टारलाइन ही दुसरी कंपनी हीच केस दोन्ही पॉकेटांत विकते. तिच्या लहान-मोठ्या शंभर-शंभर घेऊन कोणी करून पाहिलं तर मला वाचायला आवडेल.

पैशांची गंमत बघा. लापुआ मला १२५ डॉलरला पडली, अकरा फैरींनी भागलं की फैरीमागे साडेअकरा सेंटच्या आत. स्वस्त माल ६५ डॉलरला, सहा फैरी, पावणेअकरा सेंट. म्हणजे आजवर जवळजवळ बरोबरी! फरक एवढाच की एक शंभरी भंगारात गेली आणि दुसरी अजून चालू आहे.

लहान पॉकेटची एक खोच मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती. म्हणजे डब्याबरोबरच्या चिठ्ठीवर असेल, मी वाचली नाही. प्राइमरची ठिणगी आत जाते ते भोक नेहमीच्या केसमध्ये २ मिलिमीटरचं असतं, लापुआच्या या केसमध्ये १.५ मिलिमीटरचं. माझ्या डायमधली जुना प्राइमर ढकलून काढणारी पिन नेहमीच्या मापाची. पहिलीच केस घातली, हँडल दाबलं, पिन भोकात रुतली आणि केस खाली येताना तिच्यासकट निघून आली. रविवारची सकाळ वाया. सहा-सात डॉलरची बारीक पिन मागवली आणि बुधवारपर्यंत हात चोळत बसलो. लापुआ घेणार असाल तर पिन त्याच ऑर्डरमध्ये टाका.

आता प्राइमर. लहानपणी दिवाळीत टिकल्यांची बंदूक सगळ्यांनीच वाजवलीय. प्राइमर म्हणजे त्याच टिकलीची थोरली बहीण: पितळेची वाटी, तिच्यात आघातानं पेटणारं मिश्रण, वर छोटी ऐरण. रायफलीची पिन आपटली की मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडतं. मिश्रणात शिशाचं संयुग असतं, म्हणून रेंजवरून आल्यावर आधी हात धुवायचे, मग चहा. केस साफ करताना कोरडा भुस्सा वापरत असाल तर ती धूळ घरात आणू नका. मी आता ओलं धुणं करतो. फक्त त्यानं मान आतून इतकी लखलखीत होते की गोळी बसताना कुरकुरते. थोडं ग्रॅफाइट लावलं की गप्प.

२०२० नंतर इथे प्राइमरचा असा दुष्काळ पडला की रॉकेलच्या रांगा आठवल्या. हजाराचा डबा जो पूर्वी ३०-३५ डॉलरला मिळायचा, तो लोक हातोहात शंभरावर विकत होते. आता माल दिसतो, पण जुना भाव परत आला नाही, आणि घरपोच मागवलं तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क बसतं. प्राइमर बनवणाऱ्या फेडरल कंपनीचा कारखाना अनोकात, माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. स्पर्धेत उतरणारे नेमबाज नावाजतात ते २०५एम प्राइमर तिथलेच, आणि मला मात्र आयडाहोतल्या लुइस्टनहून आलेले सीसीआय कंपनीचे वापरावे लागतात, कारण दुकानात तेच होते. काखेत कळसा.

सीसीआयमध्ये तीन जाती पाहिल्या: ४००, ४५० आणि बीआर-४. बीआर-४ ही स्पर्धेसाठीची, ४५० मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार पेटणारी. ४०० ची वाटी पातळ, ०.०२० इंचाची, ४५० आणि बीआर-४ ची ०.०२५. क्रीडमूरच्या दाबाला पातळ वाटी फुटून पिनचं भोक पडण्याची भीती, म्हणून ४०० मी हात लावून परत ठेवली.

मग थंडी. जानेवारीतला एक रविवार, उणे वीस सेल्सियस, दुसऱ्या एका ब्रँडच्या साध्या लहान प्राइमरवर भरलेली दहा काडतुसं. सातव्याला खट्ट आवाज, मग एक श्वास घेण्याइतकी शांतता, मग धडाम. याला हँगफायर म्हणतात. मी नळी निशाणाकडेच धरून होतो म्हणून निभावलं. खट्ट झालं आणि आवाज आला नाही तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, लगेच उघडायचा नाही, किमान तीस सेकंद थांबायचं. शेजारच्या लेनमधल्या सत्तरीच्या आजोबांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, एवढ्या दारूला एवढीशी काडी, तीही या थंडीत? त्या दिवसापासून हिवाळ्यात फक्त ४५०. त्यानंतर उणे अठरापर्यंत दोनशेच्या वर फैरी झाल्या, एकही अडखळली नाही. तुम्ही टेक्सासात असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

उन्हाळ्यात बीआर-४ घ्यावी की ४५०? यावर मी दोन महिने आणि बरीच दारू जाळली. पहिल्या दिवशी दहा-दहा फैरींचा वेग मोजला. प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीच्या किती इकडेतिकडे होतो ते, ४५० चं ६.१ फूट प्रति सेकंद, बीआर-४ चं ९.४. झालं, निकाल लागला, असं समजून मी दुकान गाठणार होतो. बायको विमा कंपनीत आकडेमोडच करते. तिनं विचारलं, दहाच? मग तिनं मांडून दाखवलं: खरं विचलन ८ असलं तरी दहा फैरींच्या नमुन्यात वीसपैकी एकोणीस वेळा ते साडेचार ते साडेअकराच्या मध्ये कुठेही दिसेल. म्हणजे माझे दोन्ही आकडे एकाच प्राइमरचे असू शकले असते. पुन्हा चाळीस-चाळीस मारल्या: ८.३ आणि ८.०. घ्या! नेटवर पाच-पाच फैरींवर प्राइमरची पाटी लावणारे तक्ते तेव्हापासून मी वाचत नाही.

आणि ६०० यार्डांवर वेगात १० फुटांचा फरक म्हणजे उंचीत पाऊण इंच. वारा ताशी एक मैल चुकीचा वाचला तर तीच गोळी अडीच-तीन इंच बाजूला. मी वारा त्याहून बराच चुकीचा वाचतो.

प्राइमर बसवण्यानं मात्र फरक पडतो. प्रेसवर, म्हणजे डाय बसवायच्या दाबयंत्रावर, बसवायचो तेव्हा काही प्राइमर बुडाशी सपाट, काही जास्त आत. एक तर वर राहिला होता, बोल्ट बंद होताना अडला. आता हातात धरायच्या औजारानं एकेक बसवतो, बुडाच्या तीन ते पाच हजारांश इंच खाली. प्रत्येक केसचं पॉकेट बोटांना कळतं. स्वस्त पितळाचं दुखणं मला गेजच्या आधी त्या औजारानंच सांगितलं. चष्मा घालूनच बसवा, आणि प्राइमर मूळ डब्यातून काढून बरणीत ओतून ठेवू नका. एक पेटला तर सगळे पेटतात.

सध्या कपाटात एकाच लॉटचे ४५० चे तीन हजार आहेत. घरात दहा हजारांच्या वर ठेवू नयेत असा अग्निसुरक्षेचा दंडक आहे, आणि आमच्या घरी त्याहून कडक दंडक आहे: एक फळी. लापुआच्या शंभरातल्या चार केस गेल्या, दोन गवतात हरवल्या आणि दोघींच्या माना चिरल्या; त्या दोन्ही मी तापवायला विसरलो होतो त्या खेपेच्या. उरलेल्या ९६ बाराव्यांदा भरून डब्यात आहेत. नळीचा घसा मात्र आता झिजत चाललाय, गोळी थोडी पुढे बसवावी लागते. या नळीला अजून हजारेक फैरी मिळाव्यात. नवी नळी आली की चेंबर नवं, म्हणून तेव्हा केसही नव्या घेईन. लापुआच्याच, लहान पॉकेटच्या. पिन आहे आता माझ्याकडे.