गजराचा गोळ्यांचा डबा : किडनी प्रत्यारोपणानंतर कितपत उपयोगी?

सात दिवसांचा, दिवसाला चार कप्पे असलेला आणि वेळेवर गजर देणारा गोळ्यांचा डबा प्रत्यारोपणानंतर घ्यावा का? घ्यावा. फक्त तो ज्या पद्धतीने भरायला बनवलाय, त्या पद्धतीने भरू नये.

कारण टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. या कॅप्सूलला ओलावा सोसत नाही. स्ट्रिपमधून काढली की लगेच घ्यायची असते. आठवड्याच्या कॅप्सूल सोलून कप्प्यांत टाकून ठेवणं इथे चालत नाही. त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिनचंही तेच. स्ट्रिप कापून आवरणासकट कप्प्यात ठेवावी, म्हणजे डबा घेताना सगळ्यात आधी कप्प्याची रुंदी बघायची. छोट्या गोल कप्प्यांचे डबे यात बाद होतात. कापलेल्या तुकड्यांना धारदार कोपरे असतात आणि नजर अधू असलेला माणूस कॅप्सूल आवरणासकट गिळू शकतो, अन्ननलिकेला जखम होते. त्यामुळे एकेक कॅप्सूल सुटी कापू नये. डोस दोन कॅप्सूलचा असेल तर जोडीच ठेवावी.

चार कप्पे खरंच कामाला येतात. दिवसातून दोनदा घ्यायच्या टॅक्रोलिमसचे गजर बरोबर १२ तासांच्या अंतराने लागतात, समजा सकाळी ८ आणि रात्री ८. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सकाळी खाल्ल्यावर. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध मायकोफेनोलेटबरोबर (हेही किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनच) घेतलं तर मायकोफेनोलेट कमी शोषलं जातं, म्हणून त्याला वेगळा कप्पा हवाच. दोनच कप्पे असले की सगळं एका मुठीत जातं. मायकोफेनोलेटची गोळी मावत नाही म्हणून तोडू नये. तिची भुकटी गर्भाला घातक आहे. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

गजराचा त्रास होतो तो लेव्हलच्या, म्हणजे रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण तपासायच्या दिवशी. रक्त सकाळच्या डोसआधी द्यायचं असतं, पण गजर वाजला की हात सवयीने कप्पा उघडतो. मग लेव्हल फसवी जास्त येते, तिच्यावरून डोस कमी होतो आणि किडनी नाकारली जाण्याचा धोका वाढतो. एका वेळेपुरता गजर बंद करता येणारा डबा मिळाला तर तोच घ्यावा. नाही मिळाला तर आदल्या रात्री त्या कप्प्यावर चिकटपट्टी लावावी आणि सकाळचा डोस सोबत नेऊन रक्त दिल्यावर लगेच घ्यावा.

लेव्हलनंतर डोस बदलला तरी डब्यात जुनाच डोस भरलेला राहतो. ही चूक सहज लक्षात येत नाही. उरलेले सगळे कप्पे रिकामे करून, समोर नवी चिठ्ठी ठेवून पुन्हा भरावेत. महिन्याचा डबा याच कारणासाठी नको, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. भरताना प्रत्येक स्ट्रिपवरचा आकडा वाचावा: ०.५, १ की ५ मिलिग्रॅम. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी टॅक्रोलिमस वेगळी असते. नेहमीच्या कॅप्सूलऐवजी ती परस्पर भरायची नाही. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तरी आधी डॉक्टरांना विचारावं.

या डब्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे राहिलेला डोस लगेच दिसतो. तो दिसला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. किती तास उलटलेत ते सांगून प्रत्यारोपण केंद्राला विचारावं. डबा न्हाणीघरात किंवा शेगडीजवळ ठेवू नये, आणि धुतला तर पूर्ण कोरडा झाल्यावरच भरावा.