आखडलेली मान: चिनी ॲक्युपंक्चर की ड्राय नीडलिंग?

सुई दोन्हीकडे एकच. भरीव, स्टीलची, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, एकदा वापरून टाकून द्यायची. ती कुठे टोचतात आणि किती वेळ ठेवतात, यात सगळा फरक आहे.

चिनी पद्धतीत आधी जीभ आणि दोन्ही मनगटांची नाडी बघतात. झोप, पोट, भूक विचारतात. दुखतेय मान आणि पहिली सुई करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या कडेला ‘होउशी’ बिंदूवर गेली, तर चकित होऊ नका. अंतर मोजायचं माप तुमच्याच अंगाचं असतं: अंगठ्याच्या रुंदीएवढा एक ‘त्सुन’. म्हणून ‘झूसानली’ हा पायावरचा बिंदू गुडघ्याच्या वाटीच्या खाली तुमची चार बोटं सोडून आणि नडगीच्या एक बोट बाहेर येतो. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जड, दाटल्यासारखा ठणका येतो. तो ‘दे ची’, हवासा मानलेला. जळजळ किंवा चमक आली तर मात्र लगेच सांगा, सुई मागे घेतात. पुढे २० ते ३० मिनिटं पडून राहायचं, मधे एकदोनदा सुया फिरवतात.

घोटाळे होतात ते इथे. उपाशीपोटी, घामाघूम, गर्दीतून थेट आलात तर चक्कर येऊ शकते. मग सगळ्या सुया काढून पाय उंच करावे लागतात. आधी थोडं खा, दहा मिनिटं बसा. सुया असताना कूस बदलली तर स्नायू सुईला धरून ठेवतो. ती ओढायची नसते. आजूबाजूला हलकं थोपटून किंवा शेजारी आणखी एक सुई लावून स्नायू सैल करतात. निघताना सुया मोजल्या जातात ना, तेही बघा.

ड्राय नीडलिंगमध्ये नाडीबिडी नाही. फिजिओ खांद्याचा स्नायू चिमटीत धरून गाठ शोधतो, सुई आत-बाहेर करतो, स्नायू फटकन उडतो. गाठीचं काम पाच-दहा मिनिटांत आटपतं आणि मान बऱ्याचदा तिथल्या तिथे जास्त वळते. एकच ठळक गाठ असेल तर हाच मार्ग सरळ, हे मान्य.

पण नंतरचा ठणका! मुका मार बसल्यासारखा खांदा एक-दोन दिवस दुखत राहतो. घरी बसणाऱ्याला चालेल. सकाळी ८:४० च्या फास्ट लोकलमध्ये त्याच हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग, त्यात दादरला आत घुसणारे. मुंबईकराच्या बाबतीत माझा कौल इथेच फिरतो. चिनी पद्धतीत सुई उथळ, शिवाय बऱ्याचशा हातापायांना, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सहसा काही जाणवत नाही.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: आठवड्याला एक-दोन, अशा सहा-आठ सीटिंग. आणि चाचण्यांमध्ये खोट्या सुयांशी (टोचल्याचा नुसता देखावा) ताडलं तर खऱ्या सुयांचा जास्तीचा फायदा बहुधा लहानच दिसतो, हेही लपवायला नको. पाच-सहा वेळा जाऊन फरक नसेल तर थांबावं. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर सुयांआधी डॉक्टर.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, पेसमेकर हे दोन्हीकडे आधीच सांगायचं. खांद्याच्या वरच्या भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं. तिथे सुई खोल गेली आणि नंतर दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. हे क्वचितच होतं, पण दोन्ही पद्धतींत होऊ शकतं.

ड्राय नीडलिंगच घ्यायचं ठरलं तर शनिवार संध्याकाळची वेळ मागून घ्या. रविवारी कडी धरायची नसते.